शेगडी हवेवर चालते

शेगडीबद्दलची कुठलीही तक्रार गॅसच्या नावाने नोंदवली जाते. गॅस बारीक येतोय, गॅसला जोर नाही, गॅस पिवळा जळतोय, गॅस फडफडतोय. मग रेग्युलेटर बदलतात, नळी बदलतात, फारच झालं तर शेगडीच बदलतात. नवी शेगडी वर्ष-दोन वर्षांत जुनीसारखी वागायला लागली की ‘हल्ली गॅसच चांगला येत नाही’ असा निकाल देऊन सगळे मोकळे होतात. चोर सोडून संन्याशाला फाशी. शेगड्या उघडून बघायचा नाद मला बऱ्याच वर्षांपासून आहे आणि त्यातून माझं एक मत पक्कं झालंय. गॅस आपलं काम सहसा चोख करत असतो. अडलेली असते ती हवा.

हे मत आकड्यांवर उभं आहे. पाइपने येणाऱ्या नैसर्गिक वायूत मुख्यतः मिथेन असतो. एक लिटर मिथेन पूर्ण जळायला साडेनऊ ते दहा लिटर हवा लागते. सिलिंडरमधला एलपीजी म्हणजे प्रोपेन आणि ब्युटेनचं मिश्रण. एका लिटर प्रोपेनला सुमारे २४ लिटर हवा लागते, ब्युटेनला ३१. म्हणजे बर्नरवर जे काही जळताना दिसतं त्यात गॅसचा वाटा किरकोळ असतो, बाकी सगळी हवा. तिचं बिल येत नाही आणि ती कुठल्या नळीतूनही येत नाही, म्हणून तिच्याकडे कुणी बघत नाही. बर्नर बनवणाऱ्याचं डोकं मात्र सगळं या हवेपायीच खर्ची पडलेलं असतं.

गंमत म्हणजे ही हवा आत ढकलायला शेगडीत पंखा नसतो. ते काम गॅसच करतो. नॉबच्या मागे, कॉकच्या तोंडाशी एक जेट बसवलेला असतो. नखाएवढा पितळी तुकडा, बाहेरून षटकोनी, मधोमध एक भोक. एलपीजीच्या शेगडीत हे भोक साधारण पाऊण मिलिमीटरचं असतं, नैसर्गिक वायूच्या शेगडीत मिलिमीटरभर किंवा थोडं मोठं. बऱ्याच जेटवर बारीक आकडा कोरलेला असतो. तो ७५ असेल तर बहुधा ०.७५ मिलिमीटर. भिंग घेतल्याशिवाय तो वाचता येत नाही.

या भोकामागचा दाब ऐकला तर हसू येईल. घरगुती शेगडीपर्यंत पोहोचणारा गॅस सहसा जेमतेम २० ते ३० मिलिबार दाबाचा असतो. नैसर्गिक वायूचा साधारण २०, एलपीजीचा २८ किंवा ३०, निव्वळ प्रोपेन वापरतात तिथे ३७. ३० मिलिबार म्हणजे हातभरही नाही, फक्त ३० सेंटीमीटर उंच पाण्याच्या स्तंभाचा दाब. पण भोक इतकं बारीक की त्यातून सुटणारा गॅस सेकंदाला ५० मीटरच्याही वर धावतो, ताशी दोनशे किलोमीटरच्या आसपास. जेट आणि बर्नरची नळी यांच्यामध्ये मुद्दाम मोकळी जागा ठेवलेली असते. ही झोताची तिरीप त्या मोकळ्या जागेतून जाताना आजूबाजूची हवा आपल्याबरोबर ओढत नळीत शिरते. नळी मध्ये निमुळती आणि पुढे रुंद केलेली असते, तिथे दोन्ही नीट मिसळतात. या आकाराला जिओव्हानी बातिस्ता व्हेन्चुरी या इटालियन पदार्थवैज्ञानिकाचं नाव आहे. अशा आकुंचित नळ्यांवरचा त्याचा प्रबंध १७९७ सालचा.

ज्योतीला लागणाऱ्या हवेपैकी साधारण निम्मी या वाटेने आधीच मिसळून येते. उरलेली ज्योत स्वतः, जळता जळता, भोवतालातून घेते. घरगुती बर्नरचं सगळं आरोग्य या दोन हवांवर ठरतं. पहिली वाट तुंबली की ज्योत लांब, लोंबती आणि पिवळी होते. दुसरी अडली, म्हणजे भांडं फार खाली बसवलं किंवा बर्नरभोवती पत्रे गुंडाळले, की ज्योत गुदमरते आणि भांड्याच्या बुडाशी काजळी धरते. डाग पडू नयेत म्हणून बर्नरभोवती चमकदार फॉइल दाबून बसवणारी मंडळी असतात. कितीतरी शेगड्यांना, विशेषतः बंदिस्त बर्नरच्या नव्या शेगड्यांना, पहिली हवासुद्धा ओट्याच्या वरूनच, त्याच फटीतून मिळते. फॉइलने नेमकी तीच फट बुजते. शेगडी चकचकीत दिसते आणि भांडी काळी होतात.

गॅस आणि हवा जळण्याआधीच मिसळायची ही युक्ती शेगडीवाल्यांना प्रयोगशाळेकडून मिळाली. गॅसची शेगडी तशी जुनी आहे, इंग्लंडच्या जेम्स शार्पने तिचं पेटंट १८२६ मध्येच घेतलं होतं. पण त्या काळचा गॅस मुळात दिव्यांसाठी होता आणि दिव्याला पिवळी, उजेड देणारी ज्योतच हवी असते. जर्मनीत हायडेलबर्गला रॉबर्ट बुनसेन या रसायनशास्त्रज्ञाची नवी प्रयोगशाळा उभी राहत होती. त्याला गरज होती उलट प्रकारच्या ज्योतीची, भरपूर गरम पण जवळजवळ उजेड नसलेली. त्याने विद्यापीठातला उपकरणं बनवणारा कारागीर पीटर देसागा याला कल्पना सांगितली आणि १८५५ मध्ये देसागाने ती घडवली. खाली गॅसचं बारीक तोंड, बाजूला हवेची भोकं, वर नळी. बुनसेनने तिचं पेटंट घेतलं नाही. घरातल्या शेगडीचा बर्नर उलटा करून बघितला की हीच वस्तू आडवी घातलेली दिसते.

पिवळी ज्योत आणि केशरी ज्योत यांत लोक नेहमी घोटाळा करतात, म्हणून इथे जरा थांबतो. पिवळी ज्योत म्हणजे हवा कमी. न जळलेल्या कार्बनचे सूक्ष्म कण तापून उजळतात, तो पिवळेपणा. तेच कण भांड्याला लागले की काजळी. हवा कमी पडते तिथे कार्बन मोनॉक्साइडही तयार होऊ शकतो. त्याला ना रंग ना वास, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशे पटींहून जास्त घट्ट धरून बसतो. त्यामुळे सतत पिवळी राहणारी ज्योत ‘चालतंय की’ म्हणून सोडून द्यायची गोष्ट नाही.

केशरी ठिणग्यांची गोष्ट वेगळी. निळी ज्योत नीट उभी आहे आणि तिच्यात मधूनच केशरी तुरे उठताहेत, असं दिसलं तर बहुधा बर्नरवर मीठ किंवा धूळ पडलेली असते. मिठातलं सोडियम तापलं की त्याचा स्वतःचा पिवळा-केशरी रंग दाखवतं. बुनसेनने गुस्ताव किर्शहोफबरोबर याच रंगांवरून मूलद्रव्यं ओळखायची पद्धत बसवली आणि १८६० मध्ये ड्युर्कहाइमच्या झऱ्याच्या खनिजयुक्त पाण्यातून सीझियम शोधून काढलं, त्याच्या पुढच्या वर्षी रुबिडियम. हे सांगायचं कारण असं की खोलीत हवा दमट ठेवणारा अल्ट्रासॉनिक ह्युमिडिफायर लावून त्यात क्षारयुक्त पाणी घातलं, तर शेजारच्या शेगडीची सगळी ज्योत केशरी होते. पाण्यातले क्षार बारीक तुषारांबरोबर हवेत पसरतात आणि हवेबरोबर थेट बर्नरमध्ये. मंडळी घाबरून गॅसवाल्याला फोन करतात. ते यंत्र बंद करून खोली थोडी मोकळी केली की रंग जागेवर येतो. हवेतून काय काय आत जातं याचा इतका सोपा पुरावा मला दुसरा माहीत नाही.

आता सफाई. हा माझा आवडता भाग आहे आणि तो रेंगाळत करण्यासारखा आहे.

शेगडी पूर्ण गार झाल्यावर गॅस मुख्य कॉकपाशीच बंद करायचा. मग भांड्याच्या जाळ्या, बर्नरच्या टोप्या, त्याखालची भोकांची कडी, सगळं काढून घ्यायचं. काढताना कुठली टोपी कुठल्या बर्नरची ते ध्यानात ठेवायचं, दोन सारख्या दिसणाऱ्या टोप्या नेहमीच सारख्या नसतात. कडी हातात घेऊन उजेडासमोर धरली की सगळा हिशेब समोर येतो. काही भोकांतून उजेड आरपार येतो, काही अर्धी बुजलेली, काही ठार आंधळी. उतू गेलेलं काहीही असो, पाणी उडून जातं आणि साखर, स्टार्च, मीठ भोकात भाजून दगड होतं. वरून कापड फिरवून ते हलत नाही. कोमट पाणी, भांडी घासायचा साबण, त्यात बुडवून ठेवणं आणि मग दातांचा जुना ब्रश, एवढ्याने बहुतेक काम होतं. राहिलेली भोकं एकेक करून तांब्याच्या मऊ तारेने किंवा नायलॉनच्या ताठ केसाने मोकळी करायची. दात कोरायची काडी घालू नये. ती आत मोडते आणि मग ती काढायला दुसरं काहीतरी शोधावं लागतं.

भोकं सगळे बघतात, खाच कुणी बघत नाही. बऱ्याच बर्नरमध्ये मोठ्या भोकांच्या खाली किंवा मध्ये एक बारीक खाच कडीभर फिरलेली असते. तिच्यातून जाणारी ज्योत इतकी छोटी की दिवसाच्या उजेडात दिसतही नाही. तिचं काम म्हणजे एका भोकाची आग दुसऱ्याला पोहोचवणं आणि जोरात चाललेल्या मोठ्या ज्योतींना पायापाशी धरून ठेवणं. ती बुजली की बर्नर एका बाजूने पेटतो, दुसरी बाजू नुसता गॅस सोडत राहते आणि मग एकदम भपकन पेट घेते. लायटर खराब झालाय असं वाटतं. लायटर ठीक असतो.

कशाने घासायचं यालाही पथ्य आहे. ओव्हन साफ करायच्या जालीम द्रवांत कॉस्टिक सोडा असतो आणि तो ॲल्युमिनियमला अक्षरशः खातो. ॲल्युमिनियमची कडी त्यात टाकली तर बुडबुडे येतात, कडी काळवंडते आणि तिला खड्डे पडतात. भांडी धुण्याच्या यंत्रातली पावडरही तशीच तीव्र असते, तिथेही ॲल्युमिनियम काळं पडतं. पितळ लिंबासारख्या आंबट पदार्थाने झळाळतं खरं, पण फार वेळ बुडवून ठेवलं की पृष्ठभागावरचं जस्त निघून जाऊन तांबं उरतं आणि पितळ गुलाबी दिसायला लागतं. अमोनियाचे क्लीनर पितळाला वर्ज्य. ताण असलेल्या पितळात त्याने बारीक भेगा जातात. बिडाच्या टोप्यांना गंज धरतो, त्या धुतल्यावर लगेच कोरड्या कराव्या लागतात. सगळ्याच गोष्टी खडखडीत कोरड्या झाल्याशिवाय परत बसवू नयेत. ओल राहिली तर ठिणगी बर्नरकडे न जाता ओलीतूनच पळते, आणि शेगडी नुसती टक-टक करत बसते.

जेटपाशी मात्र हात आखडता घ्यायचा. तुंबलेल्या जेटमध्ये सुई खुपसायचा मोह प्रत्येकाला होतो. पितळ मऊ, सुई पोलादी. भोक मोकळं होतं, आणि जरासं मोठंही. वर्तुळाचं क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गावर जातं, म्हणून ०.७० चं भोक ०.७७ झालं, म्हणजे व्यास फक्त १० टक्क्यांनी वाढला, तर गॅस २१ टक्क्यांनी वाढतो. हवा मात्र तेवढी वाढतेच असं नाही, कारण सुईने भोक वेडंवाकडं केलेलं असतं आणि झोत नळीच्या मध्यातून न जाता भिंतीवर आपटतो. मग ज्योत पिवळी. मग ‘गॅस खराब’. जेट काढून साबणाच्या पाण्यात भिजवावा, मऊ तारेचा एखादा धागा फिरवावा, उजेडासमोर धरून भोक गोल दिसतंय ना बघावं. खात्री वाटली नाही तर त्याच मापाचा, त्याच कंपनीने त्या शेगडीसाठी दिलेला नवा जेट बसवावा. इतक्या लहान तुकड्यासाठी जुगाड करण्यात शहाणपण नाही.

मिसळनळीत मात्र डोकावून बघावंच, विशेषतः शेगडी बरेच दिवस बंद पडून असेल तर. कोळ्यांना या नळ्यांचं भारी प्रेम. बाहेर अंगणात ठेवलेल्या शेगड्यांच्या नळीत ते हमखास जाळं विणतात. हे ऐकीव वाटत असेल तर मोटारींचं उदाहरण आहे. २०११ मध्ये माझदा कंपनीने अमेरिकेतल्या आपल्या हजारो गाड्या परत बोलावल्या होत्या, कारण पेट्रोलच्या टाकीच्या वायुनळीत एका जातीचा कोळी जाळं करून ती तुंबवत होता. आपल्या शेगडीचा कोळी त्यामानाने साधा, पण जाळं आत आहे तोवर हवा बाहेर. जेटमधून सुटलेला गॅस नळीत जागा मिळेना म्हणून मागे फिरतो आणि नॉबपाशी पेटू शकतो. बाटली धुवायचा लांब ब्रश अशा वेळी कामाला येतो.

परत बसवताना टोपी सपाट बसली आहे ना हे बोटाने हलवून बघावं. टोपी खाचेत न बसता तिरकी राहिली की एका बाजूला ज्वाळा उंच आणि दुसऱ्या बाजूला नाहीच, असा प्रकार होतो. माझ्या अंदाजाने ‘सर्व्हिसिंगनंतर शेगडी बिघडली’ या तक्रारींतल्या बऱ्याचशा तिरक्या टोपीच्या असतात. पहिल्यांदा पेटवल्यावर ज्योत काही वेळ केशरी दिसते, ती उरलेली ओल आणि धूळ. तिकडे लक्ष देऊ नये.

गॅस बंद करताना ‘फट्’ असा आवाज येतो, त्यानेही लोक दचकतात. मिश्रण भोकातून ज्या वेगाने बाहेर येतं तो वेग आणि ज्योत ज्या वेगाने मागे सरकू पाहते तो वेग, या दोघांच्या समतोलावर ज्योत उभी असते. मिथेन काय किंवा प्रोपेन काय, ज्योतीचा स्वतःचा वेग सेकंदाला साधारण ४० सेंटीमीटर. नॉब फिरवला की बाहेर येणाऱ्या मिश्रणाचा वेग पडतो, ज्योत मागे हटते आणि आत उरलेलं चमचाभर मिश्रण फट् करून जळतं. कधीतरी असं झालं तर बिघडलं नाही. एरवी ज्योत आत शिरत नाही याचं श्रेय भोकांच्या बारीकपणाला. हम्फ्री डेव्हीने १८१५ मध्ये खाणकामगारांसाठी सुरक्षित दिवा बनवताना दाखवून दिलं होतं की बारीक जाळीतून ज्योत पलीकडे जात नाही, धातू तिची उष्णता शोषून तिला विझवतो. बर्नरच्या प्रत्येक भोकात तोच दिवा आहे म्हणा ना. पण कडी झिजून किंवा वाकून भोकं मोठी झाली असतील, किंवा टोपी नीट बसत नसेल, तर ज्योत आत शिरून थेट जेटच्या तोंडाशी जळायला लागते. तेव्हा वर ज्वाळा दिसत नाहीत, आतून घोंघावल्यासारखा आवाज येतो, नॉब गरम होतो. लगेच बंद करायचं आणि ती कडी बदलायची.

नॉब जड फिरत असेल तर कॉकमधलं ग्रीस वाळलं आहे. त्यात खाण्याचं तेल किंवा गंज सोडवायचा फवारा घालू नये, गॅसच्या कॉकसाठी उष्णता सोसणारं वेगळं ग्रीस मिळतं. आणि खरं सांगायचं तर कॉक उघडण्याचं काम जाणत्या माणसाकडून करून घ्यावं. निमुळत्या पितळी खुंटीवर ग्रीस जास्त झालं तर तिचं भोकच बुजतं, कमी झालं तर गॅस गळतो. मंद आचेवर ज्योत विझत असेल तर त्याच कॉकमध्ये, नॉब काढला की दिसणारा, मंद आचेचा छोटा स्क्रू असतो. तो अगदी किंचित फिरवायचा असतो. ज्योत विझल्यावर गॅस आपोआप तोडणारी शेगडी असेल तर बर्नरशेजारी तांबूस टोकाची एक काडी दिसेल. १८२१ मध्ये थॉमस योहान सीबेकने पाहिलेल्या परिणामावर ती चालते. टोक तापलं की काही मिलिव्होल्ट वीज तयार होते आणि तेवढ्यावर एक चुंबक झडप उघडी धरून ठेवतो. नॉब सोडला की ज्योत जात असेल तर आधी ते टोक पुसून बघावं, काजळीच्या थराने ते तापत नसतं.

हे सगळं झाल्यावर गळती तपासल्याशिवाय शेगडी वापरू नये. साबणाचं दाट पाणी प्रत्येक जोडावर लावायचं आणि फुगे येतात का बघायचं. काडी पेटवून गळती शोधणारी माणसं अजून आहेत. त्यांच्याशी वाद घालू नये, घराबाहेर पडावं. एलपीजी हवेपेक्षा दीड ते दोनपट जड, तो जमिनीलगत साचतो. मिथेन हवेच्या निम्म्याहून थोडा जास्त, तो वर चढतो. एलपीजी हवेत दोन टक्क्यांच्या आसपास झाला तरी पेट घेऊ शकतो, मिथेनला पाच टक्के लागतात. गॅसला जो घाण वास येतो तो त्याचा स्वतःचा नव्हे, मुद्दाम मिसळलेला असतो. १८ मार्च १९३७ रोजी अमेरिकेत टेक्ससमधल्या न्यू लंडन इथल्या शाळेत बिनवासाच्या नैसर्गिक वायूचा स्फोट होऊन जवळपास ३०० मुलं आणि शिक्षक गेले. त्यानंतर तिथे गॅसमध्ये वास मिसळणं कायद्याने बंधनकारक झालं. वास आला की विजेच्या कुठल्याही बटणाला हात न लावता गॅस बंद, दारं-खिडक्या उघड्या.

आता बर्नर मोठा करण्याची गोष्ट. हा विषय आमच्याकडे वहिनीने काढला. तिला शेगडीच बदलायची होती, जाहिरातीत बघितलेला तिहेरी वलयांचा ५ किलोवॅटचा बर्नर हवा होता. ‘भावोजी, याच्यावर पाणी उकळायला ठेवलं की मी म्हातारी होते,’ हे तिचं म्हणणं. मी म्हटलं, आधी मोजू. एक लिटर पाणी, झाकण ठेवून, मोठ्या आचेवर, घड्याळ लावून. २० अंशांवरून १०० अंशांवर न्यायला एका लिटरला सुमारे ३३५ किलोज्यूल लागतात. आमचा मोठा बर्नर ३ किलोवॅटचा. निम्मी उष्णता पाण्यात गेली असं धरलं तर पावणेचार मिनिटांच्या आत काम व्हायला हवं, भांडं तापायला थोडं वर. लागला जवळपास दुप्पट वेळ. मग सफाई, एका बुजक्या कडीची बदली, आणि पुन्हा मोजणी. या वेळी घड्याळ हिशेबाच्या बरंच जवळ आलं. वहिनी म्हणाली, ‘म्हणजे मला नवी शेगडी नाही?’ असं काही मी म्हटलं नव्हतं.

मोठ्या बर्नरला माझा विरोध नाही, पण आकडा बघून भाळू नये. तोच हिशेब ५ किलोवॅटवर करून बघा. भांडं तेच असेल तर ज्वाळा बुडाच्या बाहेर येऊन कडांवरून वर जातात. समजा फक्त ३५ टक्के उष्णता पाण्यात गेली, तर वेळ लागतो तीन मिनिटं दहा सेकंद. म्हणजे अर्धं मिनिट वाचलं आणि गॅस ४० टक्क्यांहून जास्त जळला. मोठा बर्नर मोठ्या, रुंद बुडाच्या भांड्यालाच शोभतो. ज्याच्याकडे ते रोज चढतं त्याने तो खुशाल घ्यावा. बाकीच्यांनी घेताना उलटं बघावं, तो किती लहान होऊ शकतो. दोन स्वतंत्र वलयांचा बर्नर, ज्याचं आतलं वलय एकटं शांतपणे तेवत राहतं, तो मला नुसत्या जबरदस्त बर्नरपेक्षा कितीतरी वरचढ वाटतो. पदार्थ लागतो तो मंद आच पुरेशी मंद नसते म्हणून, आणि जाहिरातीत हा आकडा सहसा नसतो.

जुन्याच शेगडीवर सुधारणा करायची असेल तर ॲल्युमिनियमच्या कडीऐवजी पितळी कडी घेणं हा सर्वांत सरळ खर्च. ॲल्युमिनियम ६६० अंशांवर वितळतं, पितळ ९०० च्या वर. रोजच्या वापरात दोन्ही तेवढी तापत नाहीत, आतून सतत जाणारं गार मिश्रण त्यांना थंड ठेवतं. फरक पडतो तो ज्योत आत शिरली किंवा मोठं भांडं तासन् तास वर राहिलं तेव्हा. ॲल्युमिनियम वाकतं, पितळ तग धरतं. मात्र कडी त्याच मॉडेलची हवी. ‘बसते’ आणि ‘जुळते’ यांत भोकांच्या एकूण क्षेत्रफळाचा फरक असतो.

जेट ड्रिलने मोठा करून आच वाढवणं मात्र करू नये, कितीही व्हिडिओ बघितले तरी. गॅस वाढला म्हणून हवेची वाट रुंद होत नाही, कडीची भोकं तेवढ्या मिश्रणासाठी काढलेली नसतात, ज्योत भोकांवरून उचलली जाते किंवा पिवळी पडते. सिलिंडरवरून पाइपच्या गॅसवर किंवा उलटं जायचं असेल तेव्हाही नुसता जेट बदलून भागत नाही. त्याच आकारमानाच्या एलपीजीत नैसर्गिक वायूच्या अडीच-तीन पट उष्णता असते, म्हणून जेटचं माप, मंद आचेचा स्क्रू, रेग्युलेटर आणि जिथे सोय असेल तिथे हवेची चकती, सगळं एकत्र बदलतं. हे अधिकृत माणसाचं काम आहे. नैसर्गिक वायूच्या जेटवर एलपीजी सोडला तर ज्योत फूटभर उठते.

वहिनीने शेवटी दोन वलयांचा बर्नर असलेली शेगडी पसंत केली. ती दुकानात शिरण्याआधी मी तिला आणखी एक हिशेब ऐकवला. गॅस कुठलाही असो, दर किलोवॅटमागे तासाला साधारण एक घनमीटर हवा जळते. चारही बर्नर मिळून १० किलोवॅट झाले तर तासाला १० घनमीटर, आणि ही फक्त जळण्यापुरती. जळून उरलेल्यात कार्बन डायॉक्साइड, वाफ आणि नायट्रोजन डायॉक्साइड असतो, आणि हा शेवटचा श्वासनलिकेला त्रास देतो. ज्योत कितीही निळी असली तरी तो होतोच, कारण ज्योतीच्या उष्णतेने हवेतलाच नायट्रोजन जळतो. शेगडी मोठी केली की बाहेर जाणारी हवाही वाढवावी लागते.

तिने वर बघितलं. शेगडीवरच्या एक्झॉस्ट फॅनची पाती तेलकट धुळीने इतकी जाड झाली होती की मूळ रंग कोणता ते सांगता येत नव्हतं, आणि जाळीतून हाताला झुळूक लागत नव्हती.

‘मग भावोजी, शेगडी राहू दे पुढच्या महिन्यात. स्टुलावर तुम्ही चढता की मी चढू?’